आमच्या घराचा अर्ज

माझं अक्षर चांगलं आहे. आमच्या भावकीत बांधावरच्या आंब्याबद्दल दोन माणसांचं एकमत होत नाही, पण माझ्या अक्षराबद्दल आजवर कोणी शंका काढलेली नाही. महाडला एका वकिलांकडे मी कारकून होतो. सकाळी पोलादपूरहून पहिल्या एसटीने जायचं, दिवसभर कोर्टाच्या आवारात बसून लोकांची गाऱ्हाणी कागदावर उतरवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं, हा माझा रोजचा शिरस्ता. स्टँडवर उतरल्यावर तासभर पायवाट, मग ओढा आणि ओढ्यापलीकडे आमची वाडी. जिल्ह्याचं नाव तेव्हा अजून कुलाबाच होतं.

आठ महिने हा ओढा दगडांवर पाय ठेवत ओलांडता यायचा. उरलेले चार महिने तो कोणाचं ऐकत नसे. आमची पहिली मुलगी सहा-सात महिन्यांची असताना आषाढात तिला जुलाब लागले. मी सकाळी महाडला निघालो तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं आणि मूल हसत होतं. संध्याकाळी परतलो तेव्हा काठावर उभं राहण्याचीही सोय नव्हती. पलीकडच्या काठावर माझी बायको डोक्यावर इरलं घेऊन उभी होती आणि इरल्याखाली, छातीशी, पोर होती. ती काहीतरी ओरडून सांगत होती. पाण्याच्या आवाजात मला ऐकू येईना, मी इकडून ओरडलो ते तिला ऐकू जाईना. असे आम्ही दोन दिवस समोरासमोर होतो. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, पण तोवर डॉक्टरकडे नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

त्यानंतर ती फार बोलत नसे. आधीही फार बोलायची असं नाही, पण हसायची खूप. एकदा भात निवडताना सुपावरची नजर न उचलता म्हणाली, "साकव असता तर आपली पोर आता चालायला लागली असती." साकव म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल. आमच्या वाडीतल्या प्रत्येक घरात या ना त्या कारणाने हे वाक्य कोणीतरी म्हटलेलं होतं, आणि म्हणून झाल्यावर सगळे पुन्हा कामाला लागलेले होते.

साकव का होत नव्हता याचं कारण मला कळलं ते कचेरीत. एका दाव्यासाठी मतदारयादीची नक्कल काढायची होती म्हणून मी आमच्या वाडीचं पान उघडलं, आणि वाचता वाचता माझं डोकंच फिरलं. आमच्या वाडीतले बाप्ये बहुतेक सगळे मुंबईला, गिरण्यांत. गावात राहायच्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. यादीत मात्र उलटा कारभार. माझ्या आईसारख्या दोन-चार म्हाताऱ्या सोडल्या तर गावात राहणाऱ्या बायका यादीत नव्हत्या आणि यादीत असलेले बाप्ये गावात नव्हते. त्यातले काही तर जगातही नव्हते, तरी दर निवडणुकीला येऊन मत देऊन जात असावेत, कारण आकडे नेहमी भरपूर पडत. पंचायत ओढ्याच्या त्या अंगाला. साकवाची गरज फक्त आम्हाला. आमच्या वॉर्डातून कोण निवडून जाणार ते गावकीतली चार म्हातारी माणसं ठरवायची, आणि त्या चौघांना पावसाळ्यात कुठेच जायचं नसायचं.

मी हे घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, मग आमची नावं घाला की. इतकं सोपं. कारकुनी करून माझं डोकं असं झालं होतं, की मी फक्त चूक शोधून मोकळा झालो होतो.

आम्ही तिघं होतो. मी एक. दुसरे भावकीतले काका, ज्यांनी गिरणीतून बत्तीस वर्षांची नोकरी आणि कायमचा खोकला आणला होता. गेटवरच्या सभा ऐकून ऐकून त्यांची बोलण्याची तऱ्हाच तशी झाली होती. घरात पाणी मागायचं तरी आवाज चढवून, हात वर करून मागत. तिसरा माझा मित्र, बौद्धवाडीतला. तो बांधकाम खात्याच्या गँगमध्ये कामाला होता. पावसाळ्यात कशेडी घाटात दरड आली की मध्येच ट्रकमध्ये घालून त्यांना न्यायचे. आमच्यात सर्वांत शहाणा तोच. त्याचे वडील तरुणपणी महाडला तळ्यावर गेलेले, त्यामुळे हक्क मागायचा कसा हे त्या घरात शिकवावं लागत नसे. त्याच्या वाडीतली एकूण एक बाई यादीत होती. आम्ही मोठ्या ऐटीने त्याला मदत मागायला गेलो तेव्हा तो हसून म्हणाला, की आमचं हे काम तुमच्या जन्माआधी उरकलंय, पण ओढा आमच्याही पोटावर येतो, म्हणून येतो मी.

गावकी देवळापुढे बसली तेव्हा मित्राला अर्थातच तिथे बसता येणार नव्हतं. काका आणि मी गेलो. चौघांतल्या थोरल्याने आम्हाला शांतपणे समजावलं, की घरातल्या कर्त्याने शिक्का मारला म्हणजे घराने मारला, बायांचं त्यात वेगळं ते काय असतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी नेहमीप्रमाणे कलमं सांगायला लागलो आणि कोणी ऐकेना. मग काका उठले. हात वर न करता, आवाज न चढवता ते पहिल्यांदाच बोलले.

"कर्ता परळात नि ओढा हितं. व्हाऊन कोन जातंय? बाया नि पोरंच ना?"

परवानगी मिळाली असं नव्हे, पण अडवलंही नाही.

कामाला लागलो तेव्हा कळलं, की गावकी परवडली. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. अर्जात तर नवऱ्याचं नाव पहिलं लागतं. पहिल्याच घरी मी विचारलं तर ती वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला नाव ठाऊक होतं, तिचा नवरा नि मी एकत्र गुरं राखलेली. मी लिहायला लागलो तर मित्राने माझा हात धरला. तो म्हणाला, अर्जावर तिनं सांगितलेलं लिवायचं, तुला ठाऊक असलेलं नाय. नाय तर त्या चौघांत नि आपल्यात फरक काय. मग शेजारीण बोलावली, तिने नाव घेतलं, मानेने होकार आला आणि अर्ज पुरा झाला. दुसऱ्या घरी वेगळीच तऱ्हा. तिथला नवरा रजेवर आलेला, ओटीवर बसलेला. त्याच्या देखत त्याच्या बायकोला स्वतःचंही नाव सांगता येईना. त्याला अंगणात काढलं तेव्हा तिचं तोंड उघडलं.

त्यावरून आम्ही नियम केला. घरधन्याने अंगणात बसायचं आणि आपल्या घराचा अर्ज आपण लिहायचा नाही. काकांना हा नियम फारच आवडला, कारण मग आपापल्या घरच्या बाया आधी भरून घेतल्या असं कोणी म्हणू शकणार नव्हतं. नियम चांगलाच होता. अजूनही मला त्या नियमात खोट दिसत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात, आणि बदललेल्या नावानेही पुढे कोणी हाक मारत नाही. ती अमक्याची आई, तमक्याची काकी होऊन जाते. अर्जावर कोणतं नाव घालायचं हे आम्ही प्रत्येकीला विचारत असू. बहुतेकींनी सासरचं सांगितलं. एक म्हातारी मात्र खूप वेळ आठवत राहिली, मग माहेरचं नाव म्हणाली आणि ते मला परत वाचून दाखवायला लावलं. ऐकून पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिच्या सुनेला सासूचं ते नाव तोवर माहीतच नव्हतं.

दर रविवारी दुपारी आमच्या पडवीत तिघांची बैठक. माझी बायको चहा करायची. मित्राला तिने पहिल्या दिवसापासून आमच्याच कपात चहा दिला. माझ्या आईने त्यावरून आठवडाभर तोंड फुगवलं आणि बायको बिनबोलता रोज आईचा कपही त्याच कपांत धुऊन ठेवत राहिली. पुढे पुढे बायका अंगणात जमायला लागल्या. मतदानाच्या दिवशी साहेबासमोर नाव सांगायचं, त्याची तालीम. मित्र पालथ्या हाऱ्यावर, म्हणजे मोठ्या टोपलीवर, वही ठेवून साहेब व्हायचा आणि एकेकीला विचारायचा. सुरुवातीला नुसते ओठ हलायचे. काका मागून खोकत खोकत म्हणायचे, ऐकू येत नाय गो, मशीन चालू हाय. माझी बायको दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघायची, आणि एक दिवस मला तिचं हसणं ऐकू आलं. दीड वर्षानंतर. मी वहीतून मान वर केली नाही, कारण मी बघितलं तर ती थांबेल असं वाटलं.

त्याच दिवशी मी सगळ्या अर्जांवरून एक पक्की यादी उतरवत बसलो होतो. जेवणं झाली होती. ती खरकटं काढून आली नि माझ्याजवळ बसली.

"माजं कुठचं नाव लिवलंत?"

मी म्हणालो, लिहिलंय बरोबर. मान वर केली नाही. एका पानावर मला शाईचा डाग पडल्याचा संशय होता.

"म्हायेरचं लिवायला सांगा त्यांना," ती म्हणाली. "त्या नावानं हितं मला कोन हाक मारीत नाय. कागदावर तरी असू दे."

मी बरं म्हटलं. आणि डाग पडलेलं पान पुन्हा लिहून काढेपर्यंत विसरून गेलो.

यादी कचेरीत दिली, अर्ज दिले, महिनाभर मी तिथल्या कारकुनांच्या मागे लागलो. सुधारलेली यादी लागली तेव्हा माझ्या यादीशी एक एक नाव ताडून पाहिलं. एकही चुकलं नव्हतं, एकही गळलं नव्हतं. वकिलांना मी हे इतक्या अभिमानाने सांगितलं, की त्यांनी मला शाबासकी म्हणून त्या दिवशी लवकर सोडलं.

निवडणूक उन्हाळ्याच्या तोंडावर आली. साकव करीन असं बोलणारा एक तरुण आम्ही उभा केला होता. तो कोण होता याला इथे महत्त्व नाही, साधा माणूस होता आणि पुढे त्याने शब्द पाळला. मतदान ओढ्यापलीकडच्या शाळेत. सकाळीच आमच्या वाडीच्या बायका ओळीने दगडांवरून ओढा उतरल्या. बहुतेकींनी पेटीतली लुगडी काढली होती. माझी बायको निळं नेसली होती, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचं. मुलगी गेल्यापासून तिने ते अंगाला लावलं नव्हतं. वाटेत ती पुटपुटत होती. माहेरचं नाव, मग नवऱ्याचं म्हणून नुसता थांबा, मग आडनाव. मी पुढे होतो, मला सगळं ऐकू येत होतं, आणि मला मनातून फार बरं वाटत होतं.

शाळेच्या कुंपणाबाहेर मी टेबल मांडून बसलो. यादीतला अनुक्रमांक शोधून चिठ्ठी लिहून द्यायचं काम माझं. बायका येत होत्या, नावं मोठ्याने सांगत होत्या, चिठ्ठ्या घेऊन आत जात होत्या. मग ती समोर आली. तिच्या पुढची हसत हसत बाजूला झाली, नवरा-बायकोची मजा बघायला. तिने आपलं नाव सांगितलं. मोठ्याने. साहेबाला सांगायचं तसं.

मी पानावर बोट ठेवलं. माहेरचं नाव दिसेना. काही हरकत नाही, म्हटलं, सासरचं घातलं असेल. तेही नव्हतं. आमचं घर होतं, माझं नाव होतं, आईचं जुन्या यादीतलं होतं, त्याखाली थेट शेजारचं घर. मी पान उलटलं, परत आलो. पुरवणी काढली. माझ्या अक्षरातली ती पक्की यादी पिशवीतून काढली. त्यातही नव्हतं. कुठे गळलं नव्हतंच. ते कधी लिहिलेलंच नव्हतं.

काका आले, मित्र आला. मी विचारलं, आमच्या घराचा अर्ज कोणी लिहिला? काका म्हणाले, लिहिणारे तुम्ही दोघं, मला चष्म्यातूनही रेघ दिसत नाही, मी समजलो यानं लिहिला. मित्र खाली बघून म्हणाला, की तुमच्या घरात आत जाऊन वहिनींना मी कसं विचारणार, तुझी आई बसलेली असायची. त्याला वाटलं होतं, भावकीतले म्हणून काकांनी कोणाकडून तरी लिहून घेतला. आणि मी स्वतः समजलो होतो, की या दोघांपैकी एकाने लिहिला, कारण दोघं दर रविवारी माझ्याच पडवीत बसत होते. सगळ्या वाडीत एवढं एकच घर होतं जिथे आम्ही रोज जात होतो, आणि तेवढ्या एकाच घरात आम्ही अर्ज घेऊन गेलो नव्हतो.

हे सगळं आम्ही बोलत असताना ती टेबलासमोर उभी होती. आमच्याआधी तिला समजलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मागं बाया खोळंबल्यात."

आणि रांगेतून बाहेर झाली. मला वाटलं ती घरी जाईल. गेली असती तर बरं झालं असतं. आत जाणाऱ्या बायकांच्या काखेत पोरं होती, ती कोणाकडे द्यायची हा प्रश्न होता. ती शाळेच्या पायरीवर बसली आणि तिने हात पुढे केले. दिवसभर ती दुसऱ्यांची पोरं मांडीवर घेऊन बसली होती. एक आलं की दुसरं जायचं. प्रत्येक बाई बाहेर येऊन पोर परत घेताना बोटावरची शाई तिला दाखवायची; त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, आनंद झाला होता त्यांना. ती प्रत्येकीचं बोट धरून बघत होती. मी टेबलावरून हे बघत चिठ्ठ्या लिहीत राहिलो. उठून तिच्याजवळ जायला हवं होतं, एवढं अजून वाटतं. मी गेलो नाही. लाज वाटली, आणि लाजेला मी कामाचं नाव दिलं.

आमचा माणूस निवडून आला. गुलाल उधळला, काकांना खांद्यावर घेतलं, खोकल्याने त्यांचा जीव जायची वेळ आली. मी गुलालाने माखून घरी आलो. ती चुलीपाशी होती. आणि मी काय करावं? मी तिच्यावरच चिडलो. म्हणालो, तुला एकदा आठवण करायला काय झालं होतं.

"केली व्हती," ती म्हणाली.

तिने ताट वाढलं. मी जेवलो. जेवलो हे लिहितानाही मला आज संताप येतो, पण खरंच जेवलो.

पुढच्याच रविवारी मित्र कोरा अर्ज घेऊन आला. त्याने आईला सरळ सांगितलं, की आज मी वहिनींशी बोलायला आलोय. आई उठून मागच्या दारी गेली. मी नियमाप्रमाणे अंगणात बसलो. आतून तिचा आवाज आला, तेच नाव, तसंच स्पष्ट. नवऱ्याच्या नावाला शेजारीण बोलावली होती. मित्राने लिहिलं आणि बाहेर येताना माझ्याकडे न बघता निघून गेला. पुढच्या यादीत ते नाव छापून आलं. मी नक्कल आणली. तिला वाचता येत नव्हतं. कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा म्हणाली. मी दाखवलं, तिने त्याच जागी आपलं बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. पुढची निवडणूक पाच वर्षांवर होती.

साकव व्हायला तीन वर्षं लागली. आमच्या वाडीच्या बायकांनी दगड वाहिले, तिनेही वाहिले. तिला पुन्हा मूल झालं नाही. साकव झाल्यावर पहिल्या पावसात ती उगाचच एकदा जाऊन परत आली. मी विचारलं कुठे गेली होतीस, तर म्हणाली, कुठे नाही, पाणी वरून कसं दिसतं ते बघितलं.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी भाद्रपदात तिला कावीळ झाली. झाडपाल्यावर आम्ही चार दिवस घालवले, आणि हे मी कोणावर ढकलत नाही, मीच घालवले. मग घोंगडीची डोली करून तिला साकवावरून नेलं. खालून पाणी भरून वाहत होतं. डोलीतून तिने मान जरा उचलली आणि खाली बघितलं. पोलादपूरहून महाडच्या इस्पितळात नेलं. तिथे तिने मला विचारलं, "निवडणूक कदी हाय?" मी सांगितलं, थंडीत. ती म्हणाली, "तवर बरी व्हईन." नवव्या दिवशी ती गेली. साकव होता, तरी ती गेली. मुलगी गेल्यावर माझ्याकडे दोष द्यायला निदान एक ओढा होता.

थंडीत निवडणूक आली. त्या वर्षी गिरण्या बंद होत्या आणि वाडीतले बाप्ये रिकाम्या हाताने परत आलेले होते. त्यांना आता आपल्या बायकांचं मत कोणाला पडतं याची अचानक काळजी लागली होती, त्यामुळे चुरस होती. एक एक मत मोजलं जात होतं. कच्ची यादी लागली. मी बघायला गेलो नाही. मला त्या पानावर काय आहे ते ठाऊक होतं.

मेलेल्यांची नावं काढायचा हट्ट पहिल्या वेळी आम्हीच धरला होता. मीच कचेरीत भांडलो होतो, की गेलेला माणूस मत देतो हे कोणत्या कलमात बसतं. आता सगळे माझ्याकडे बघत होते. एक दिवस काका आले. बोलायला त्यांना दम पुरत नव्हता. पडवीत बसून बराच वेळ खोकले आणि मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे तिचं नाव. माजी सून जाईल, तिचा शिक्का मारंल. तिची इच्छा व्हती ना? तेवढी तरी पुरी व्हईल."

त्यांना माझं भलंच करायचं होतं. आणि मी त्यांना नाही म्हणालो नाही. चार दिवस मी नाही म्हणालो नाही. एसटीत बसलो की मला दिसायचं, कोणीतरी बाई निळं लुगडं नेसून शाळेत शिरते, तिचं नाव सांगते, शिक्का मारते, बोटाला शाई लावून घेते. साहेबाला काय कळणार. यादीत नाव होतं, नावापुढे कोरी जागा होती. ते मत तिचंच होतं. मी ते तिला द्यायचं विसरलो होतो आणि आता मला ते देता येत होतं. चार दिवस मला हे खरं वाटत होतं. पाचव्या दिवशी सकाळी साकवावरून जाताना आठवलं, घरातल्या कर्त्याने शिक्का मारला म्हणजे घराने मारला, असं देवळापुढे कोणी म्हटलं होतं ते.

त्या दिवशी दुपारी मित्र कोर्टाच्या आवारात आला. घाटातून परस्पर आला होता, पायांना लाल माती. माझ्यासमोरच्या बाकावर बसला. खिशातून घडी केलेला कागद काढला, मांडीवर सरळ केला. नाव वगळण्याचा अर्ज होता, कोरा. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"मी लिवू?" त्याने विचारलं. "आपल्या घराचा अर्ज आपण लिवायचा नाय, असा आपला नियम हाय."

मी म्हणालो, "दे इकडं. हा मी लिहितो."

त्याने कागद दिला आणि उठून आवाराच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला, घरधन्याने अंगणात थांबावं तसा. मी टाक घेतला. तिचं नाव लिहिलं, माहेरचं. पतीचं नाव, जे तिने उभ्या जन्मात तोंडाने घेतलं नाही, ते लिहिलं. वाडी, घर क्रमांक. कारणाच्या रकान्यात मयत. अर्जदाराचं नातं, पती. खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसलो.

तिच्यासाठी मी लिहिलेला तो एकच अर्ज. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं होतं.